नाव ठरेना

राजारामपुरीतल्या छापखान्यात शांभवी शिरली तेव्हा तिच्या छत्रीतून पाणी ठिबकत होतं. काउंटरवर कार्डांचे नमुने मांडलेले होते, त्यामुळे मालकांनी आधी छत्रीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. तिनं मुकाट्यानं छत्री दाराबाहेर टेकवली, पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि काउंटरवर पसरला. तिच्या वडिलांच्या व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर होता तो. पट्टणशेट्टी अँड सन्स, कबनूर. चौकड्यांचे टेबलक्लॉथ व नॅपकिन. खाली दोन फोन नंबर आणि त्याखाली ईमेल.

शेजारी उभ्या असलेल्या तरुणानं मान तिरकी करून तो ईमेल वाचला आणि हसला.

"काय पावणं," शांभवी म्हणाली, "दुसऱ्याची कार्डं वाचायची सवय हाय व्हय?"

तो गडबडला, पण हसू काही आवरेना. "सॉरी... पण हा ईमेल तुम्ही फोनवर कधी कुणाला सांगून बघितलाय काय?"

सांगून बघितला होता. मागच्याच आठवड्यात, दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला. आधी अख्खं आडनाव, मग अँड, मग सन्स, मग अंडरस्कोअर, मग कबनूर, मग पिनकोड. त्या बिचाऱ्यानं तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा 'फॅक्स कर दीजिए' म्हणून फोन ठेवला. पण हे अनोळखी माणसाला कशाला सांगायचं?

"न सांगायला काय झालं?" ती म्हणाली.

"मग सांगा की मला. मी डोळे मिटतो."

आणि त्यानं खरंच डोळे मिटले. भर दुपारी, छापखान्याच्या काउंटरपाशी, एका परक्या मुलीसमोर! शांभवीनं सांगायला सुरुवात केली. त्याच्या पापण्या लांब होत्या आणि एका पापणीवर पावसाचा थेंब तसाच राहिला होता. ही असली गोष्ट आपल्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं, असं तिला वाटलं आणि अंडरस्कोअरपाशी पोचता पोचता तिचं तिलाच हसू फुटलं.

त्याचं नाव सोमेश. आठव्या गल्लीत एका दवाखान्याच्या माडीवर त्याची खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक खुर्ची, आणि गिऱ्हाईक आलं तर स्वतः उभं राहायची तयारी. लोकांना वेबसाइट करून द्यायचा. त्याची स्वतःची कार्डं त्या दिवशी पहिल्यांदाच छापून झाली होती. त्यातलं सगळ्यात वरचं त्यानं तिला दिलं. शाई पुरती वाळली नव्हती, घरी पोचेपर्यंत तिच्या अंगठ्यावर निळा डाग पडला होता. तो तिनं लगेच धुतला नाही.

हे सगळं दोन हजार तीन सालातलं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना किंचाळायचं, तेव्हाची गोष्ट.

तिच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, ऑक्टोबरात दिल्लीच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता. तिथं येणारा प्रत्येक जण वेबसाइट विचारतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बी.कॉम. होऊन दोन वर्षं शांभवी ऑफिसात बसत होती, पण बसत होती म्हणजे दुसऱ्यांनी सांगितलेलं टाईप करत होती. या वेळी आण्णा म्हणाले, "ह्ये काम तुझं. मला इचारू नगंस, झालं की सांग." अख्खं काम तिच्यावर सोपवायची ही पहिलीच वेळ. फर्मच्या नावातले सन्स म्हणजे आण्णाच, आजोबांच्या काळातले. आण्णांना मुलगा नव्हता, शांभवी एकटीच. हे काम नीट झालं तर पुढचंही आपल्याकडे येणार आणि बिघडलं तर पुन्हा टाईपरायटिंग, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं निळा डाग पाडणारं ते कार्ड काढलं आणि फोन लावला.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी सोमेश पहिल्यांदा कबनूरला आला. शेडमध्ये चोवीस माग एकदम चालू होते. काचेच्या पलीकडे ऑफिस होतं, पण तिथंही बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. पहिली दहा मिनिटं तो नुसताच 'काय?' म्हणत होता.

साइट नंतर, आधी नाव, असं त्याचं म्हणणं. साइटचा रंग बदलता येतो, फोटो बदलता येतात, पण नाव एकदा लोकांच्या तोंडात बसलं की बदलायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. नाव आखूड पाहिजे. एकदा ऐकलं की लिहिता आलं पाहिजे. मधे रेघा नकोत, आकडे नकोत, शेवटी डॉट कॉमच. आणि नुसतं नॅपकिनवर अडकवू नका, उद्या चादरी काढल्या तर काय करणार? बोलताना तो हातानं हवेत अक्षरं लिहायचा. शांभवी ती हवेतली अक्षरं वाचत बसली.

आण्णांना अर्थातच पूर्ण आडनाव हवं होतं, अँड सन्ससकट. सोमेश वाद घालत बसला नाही. त्यानं कीबोर्ड आण्णांच्या पुढं सरकवला आणि "तुम्हीच टाईप करा की," म्हणाला. आण्णा एका बोटानं आडनावाच्या निम्म्यात पोचले, मग चुकले, मग पुन्हा पहिल्यापासून निघाले. तिसऱ्यांदा त्यांनी बोट वर उचललं आणि शांभवीला चहा सांगायला लावला. तो विषय तिथंच संपला.

तो निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत गेली. भुरभुर चालू होती. आमच्या कापडाला बाहेरचे व्यापारी 'कबनूर कॉटन' म्हणूनच ओळखतात, असं ती जाता जाता सहज म्हणाली. सोमेशनं डोक्यात घालायला घेतलेलं हेल्मेट तसंच हातात राहिलं.

"परत म्हणा."

"कबनूर कॉटन."

"डॉट कॉम," तो म्हणाला. खिशातून चिठोरं काढून त्यानं ते लिहून घेतलं. "हे चांगलंय. लई चांगलंय."

तिलाही ते आवडलं. इतकं आवडलं की दुसरं शोधायचं कारणच उरलं नव्हतं. नाव सापडलं म्हणजे संपलं की! मग हा घरी बसून साइट करणार, एक सीडी पाठवून देणार आणि आपण इथं नॅपकिन मोजत बसणार.

"बघू," ती म्हणाली. "आणखी दहा-बारा काढू की. एकदम कशाला ठरवायचं?"

त्यानं चिठोरं घडी करून खिशात घातलं. "बरोबर आहे," म्हणाला. "घाई नको."

मग सुरू झाली ती फोनची परीक्षा. रोज चार वाजता. शांभवीनं ऑफिसातून, माग चालू असताना, एक नाव सांगायचं. आठव्या गल्लीत सोमेशनं जसं ऐकू येईल तसं लिहायचं आणि अक्षर अक्षर परत वाचून दाखवायचं. या खडखडाटातून जे नाव धड पोचेल ते जगात कुठंही पोचेल, असा त्याचा हिशेब. नावाला दोन मिनिटं लागायची. फोन पाऊण तास चालायचा.

नावांची कमी नव्हती. पण एक लांब निघालं, एक आखूड निघालं. एक औषधाच्या दुकानासारखं वाटलं. एक फारच चांगलं होतं, म्हणून तिनं ते 'माझ्या मावशीला आवडणार नाही' असं सांगून खोडलं. मावशीचा कापडाशी काय संबंध, हे सोमेशनं विचारलं नाही. उलट मावशीची तब्येत कशी आहे, असं विचारलं. दर गुरुवारी तो स्वतः यायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फायली घेऊन. मागच्या आठवड्यातली सगळी नावं टेबलावर मांडायचा आणि दोघं मिळून ती एकेक करून निकालात काढायचे. कबनूर कॉटनचा विषय कुणीच काढायचं नाही. गणपती आले, गेले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एकदा ती त्याच्या खोलीवर गेली होती. दुपारीच लाईट गेली आणि दोन्ही कॉम्प्युटर गप्प झाले. खालच्या दवाखान्यातून कुणाचं तरी खोकणं वर येत होतं. तिला खुर्ची देऊन तो खिडकीला टेकून उभा राहिला.

"आण्णांना काय आवडेल, दिल्लीवाल्यांना काय आवडेल, मावशीला काय आवडेल, सगळं झालं," तो म्हणाला. "तुला काय आवडतं?"

फर्मबद्दल हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर तर जिभेवर होतं. पण ते दिलं की काम संपणार होतं... आणि लाईट आली.

"सांगते," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी."

असे चार गुरुवार गेले.

सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी छापखान्यातून आण्णांनाच फोन आला. साइटच्या नावासाठी थांबवलेली कार्डं शनिवारपर्यंत छापून पाहिजे असतील तर मजकूर उद्या द्या. संध्याकाळी आण्णा ऑफिसात आले, समोर बसले. "शांभवी, दीड महिना झाला. चांगलं नाव मिळंना व्हय तुला?" आवाज चढलेला नव्हता. तेच तिला जास्त लागलं. उद्या सकाळी देते, असं तिनं सांगितलं.

रात्रभर तिनं मनाची तयारी केली. बास झाला पोरखेळ. कबनूर कॉटन पक्कं करायचं, आणि सोमेश यायचा बंद झाला तर झाला.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली, इंटरनेट जोडलं आणि नाव मोकळं आहे का ते बघण्याच्या पानावर कबनूर कॉटन टाईप केलं. पान हळूहळू उतरलं. नाव मोकळं नव्हतं. कुणीतरी आधीच घेतलं होतं.

तिनं पुन्हा टाईप केलं. पुन्हा तेच.

शांभवीला खुर्चीत बसवेना. कबनूर-इचलकरंजीत कापडवाले काय थोडे होते? कुणाच्याही डोक्यात आलं असेल. चांगलं नाव वाट बघत थांबत नसतं, आणि आपण ते दीड महिना टांगून ठेवलं होतं, एका माणसानं दर गुरुवारी यावं म्हणून! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे आता आण्णांना तोंड दाखवायचं होतं.

आण्णा आले तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं. पहिल्याच दिवशी चांगलं नाव सापडलं होतं. मीच लांबवलं. आता ते गेलं.

"लांबवलंस? कशापायी?"

शांभवी टेबलावरचे कागद नीट लावू लागली. आण्णांनी उत्तराची वाट बघितली, मग तो नाद सोडला. ते मुळात व्यापारी. गेलेल्या मालाबद्दल रडत बसायची त्यांना सवय नव्हती.

"कुनी घेतलं त्ये दिसतं काय त्यात?"

"दिसतं."

"मग बघ की. गावातलाच असंल तर जाऊन बसू त्याच्या दारात. चहा पिऊ. बोलल्यावर कोन न्हाय म्हनतंय?"

तिनं मालकाची माहिती मागवली. आण्णा चष्मा लावून तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. लाईन रडतखडत चालली होती, ओळ एकेक करून उतरत होती. नाव: कबनूरकॉटन डॉट कॉम. नोंदणीची तारीख: चौदा ऑगस्ट. त्याखालची ओळ यायला फार वेळ लागला. ती आली तेव्हा आण्णांनीच ती मोठ्यानं वाचली, एकेक अक्षर लावत.

"मालक... शांभवी... मल्लिकार्जुन... पट्टणशेट्टी." ते थांबले. "ह्ये तर तुझंच नाव."

"हो."

"तू घेतलंस?"

"न्हाय आण्णा."

खाली नोंदणी करणाऱ्याचा पत्ता होता. राजारामपुरी, आठवी गल्ली. चौदा ऑगस्ट म्हणजे तो पहिल्यांदा आला तो दिवस. म्हणजे फाटकापाशी चिठोरं खिशात घालून तो थेट माडीवर गेला असणार आणि भिजल्या कपड्यांनीच त्यानं हे केलं असणार. नाव सुखरूप होतं. तिच्या नावावर होतं. आणि तरीही दीड महिना रोज चार वाजता हा माणूस फोन कानाला लावून नवी नावं लिहून घेत होता. मावशीची तब्येत विचारत होता! शांभवीला त्याचा राग आला, रडू आलं आणि इतका आनंद झाला की वळून आण्णांकडे बघायची तिची हिंमत होईना.

आण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि परत वाचलं.

"माझ्या नावावर न्हाय घेतलं. तुझ्या नावावर घेतलं," ते म्हणाले. "पोरगं लई हुशार हाय, न्हाईतर येडं हाय."

"दोन्ही," शांभवी म्हणाली.

"आज गुरुवार. चारला येतोय न्हवं? येऊ दे. मला बोलायचंय त्येच्याशी."

काय बोलायचंय, ते आण्णांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तो दिवस काही केल्या पुढं सरकेना.

चारला मोटरसायकलचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण शांभवी आधीपासूनच शेडमध्ये जाऊन उभी होती. आण्णांनी गाठायच्या आधी तिला त्याला गाठायचं होतं. सोमेश दारातून आत आला, बगलेत प्लॅस्टिकची पिशवी, केस ओले. मधे मागांच्या दोन ओळी होत्या. तिला बघून तो हसला आणि पिशवी वर करून दाखवली, म्हणजे नवी नावं आणलीत.

तिला ते बघवेना. एवढ्या खडखडाटात त्याला काही ऐकू जाणार नाही हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिला बोलण्याचं धैर्य झालं. जागेवरूनच, मागांच्या पलीकडून, ती भडाभडा सगळं बोलून गेली. नाव बघितलं म्हणाली. तारीखही बघितली म्हणाली. आणि मग जे मनात होतं ते सगळं.

आता याला शांभवीचा वेंधळेपणाच म्हणायचा. ती लहानाची मोठी झाली ती याच शेडमध्ये. मागांच्या आवाजात कान काही कामाचे नसतात, म्हणून इथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. चाळीस पावलांवरून शिवी ओळखतात, जेवायला चल म्हटलेलं ओळखतात. शांभवीलाही ते येत होतं. या शेडमध्ये एकच माणूस असा होता ज्याला तिचं बोलणं कळलं नाही, आणि तो म्हणजे सोमेश.

पलीकडे बसून सुताच्या कांड्या भरणाऱ्या तानाबाईचा हात थांबला. मागांची दुरुस्ती बघणारा महांतेश जॉबर पाना हातात धरून तसाच उभा राहिला. त्यानं जवळचा माग बंद केला. त्याचं बघून शेजारच्यानं केला. एकेक करत सगळे माग थांबले आणि त्या शेडमध्ये दिवसाढवळ्या कधी नव्हे ती शांतता झाली.

"काय म्हणालीस?" सोमेशनं विचारलं. शांततेत त्याचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

शांभवीनं आजूबाजूला बघितलं. चोवीस मागांवरची माणसं तिच्याकडे बघत होती, आणि काय झालं ते आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं. तिचे कान लाल झाले.

माग थांबले की ऑफिसातून मालक धावतच येतो. आण्णा काचेचं दार ढकलून बाहेर आले. "माग का थांबलं?"

तानाबाईनंच तोंड उघडलं. पंधरा वर्षं ती या शेडमध्ये होती आणि कुणाला भीत नव्हती.

"तुमची लेक काय म्हनाली त्ये पावन्यास्नी ऐकू आलं न्हाय, मालक. म्हनून थांबवलं."

आण्णांनी लेकीकडे बघितलं, मग पिशवी कवटाळून उभ्या असलेल्या सोमेशकडे.

"मग सांग की त्येला," ते म्हणाले.

पळून जायला दार होतं. पण आण्णांनी सांग म्हटलं होतं, आणि तो तिथं उभा होता. शांभवीनं श्वास घेतला.

"नाव मिळालं म्हणून तू यायचा बंद होणार असशील, तर मला ते नाव नको," ती म्हणाली. "मला तू पाहिजेस."

सोमेशच्या हातातली पिशवी खाली पडली आणि फायली पायाशी रचलेल्या चौकड्यांच्या कापडावर पसरल्या. त्यानं त्या उचलल्या नाहीत. तो आण्णांकडे वळला. "नाव मी त्याच दिवशी घेतलं होतं," म्हणाला. "सांगितलं असतं तर इथलं काम संपलं असतं. मला... संपवायचं नव्हतं. पण तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"चुकलंच," आण्णा म्हणाले. "दोगंबी सारखीच हायसा." ते खाली वाकले, एक फाईल उचलून त्यांनी झटकली आणि सोमेशच्या हातात दिली. "दिल्लीस्नं आलो की वडलांस्नी घेऊन या चहाला. आदी त्या छापखान्याला फोन करा दोगं मिळून. कार्डं शनिवारी पायजेत मला." मग महांतेशकडे बघून म्हणाले, "आनि माग चालू करा. दिवाळी न्हवं आज."

महांतेशनं खटका दाबला. एक माग बोलू लागला, मग दुसरा, मग सगळी ओळ, आणि बघता बघता पुन्हा कानांचं काम संपलं. सोमेश मागांच्या मधून वाट काढत तिच्यापर्यंत आला. इतक्या गोंगाटात आपलं कोण ऐकतंय, या भरवशावर त्यानं ओठ हलवून, सावकाश, अक्षर अक्षर तिला सांगितलं की त्यालाही तीच पाहिजे होती, त्या छापखान्यात डोळे मिटले तेव्हापासून.

आधी तानाबाईनं पदर तोंडाला लावला, मग महांतेश हसला, मग अख्खी शेड. का हसताहेत ते सोमेशला कळेना. तो वळून वळून सगळ्यांकडे बघत राहिला आणि मग त्यालाही हसू आलं. शांभवीनं त्याला लगेच काही सांगितलं नाही. सांगायला आता पुष्कळ दिवस होते.